घारबाईचं डोकं, घारबाईचं पोट

घारबाईचे डोळे घारे नव्हते, चांगले काळेभोर होते. पण दिवसभर ती उंच टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसायची आणि हूक नेमका हव्या त्या जागी असा सोडायची, की घारीनं झडप घालावी. म्हणून बांधकामावरच्या कुणीतरी तिला घार म्हटलं, आणि पुढे मान वाढला तसं त्याला 'बाई' चिकटलं. घरी सासू चिडली की तीही म्हणायची, "उतरल्या का घारबाई जमिनीवर? मग जरा भांड्यांकडेही बघा."

केबिन म्हणजे एका खुर्चीपुरती जागा. पायांखाली काच, समोर काच, दोन्ही हातांशी दोन दांडे. डाव्या दांड्यानं क्रेनचा लांब हात फिरायचा, उजव्यानं हूक वर-खाली व्हायचा. डोक्याशी एक वॉकीटॉकी. त्यातून दिवसभर एकच आवाज यायचा, तो मामाचा.

मामा कुणाचाच मामा नव्हता. नारिंगी जाकीट घालून तो हूकच्या आसपास उभा राहायचा आणि वरच्या माणसाला सांगायचा, डावीकडे घे, थांब, हळू सोड. भिंतीपलीकडचं किंवा खड्ड्यातलं वरून दिसत नाही. तिथे मामाचं तोंड आणि बाईचे हात मिळून एकच माणूस काम करायचा. दोघांची जोडी कित्येक इमारतींपासूनची होती. मामा तिला खालून चिडवायचा, "काय घारबाई, ढगात नेटवर्क येतंय ना?" ती म्हणायची, "मामा, तुमचं टक्कल चमकतंय, टोपी घाला, माझे डोळे दिपतात."

त्या डोळ्यांचीच खरी गोष्ट आहे. म्हणजे आधी डोक्याची, मग पोटाची.

डोकं तिचं शाळेपासून दुखायचं. अर्धंच. उजव्या डोळ्यामागे कुणी खिळा ठोकतंय असं वाटायचं, उजेड नकोसा व्हायचा, शेजारच्या घरातलं कांद्याचं सालसुद्धा नाकाला झोंबायचं. कधीमधी दुखायच्या आधी नजरेच्या कडेला वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा नाचायच्या, आणि त्या रेघांच्या आत जे असेल ते दिसेनासं व्हायचं. तिच्या आईलाही हेच होतं, त्यामुळे घरात त्याचं कौतुक नव्हतं. 'अर्धशिशी' म्हणायचं, खोलीत अंधार करायचा, पडून राहायचं.

नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. लग्न झाल्यावर त्यानं हौसेनं तिचे डोळे तपासले आणि म्हणाला, "तुझ्यासारखे डोळे सगळ्यांचे झाले तर माझा धंदा बसेल." मग रेघांचं तिनं त्याला सांगितलंच नाही. चांगलं सर्टिफिकेट मिळालं होतं, ते कशाला खराब करा.

कंपनीचा डॉक्टर दरवर्षी विचारायचा, "चक्कर? फिट? डोकेदुखी?" ती प्रत्येक वेळी मान हलवायची. अर्धशिशी आहे म्हटलं की केबिन गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. केबिन मिळवायला तिला किती जणांची कुत्सित हसणी गिळावी लागली होती! ती अशी तशी सोडणार नव्हती. नजरेच्या कडेला जरा काही चमकलं की ती वॉकीटॉकीवर सांगायची, "मामा, वर वारा वाढलाय, थोडं थांबू या," दांडे सोडायची, डोळे मिटायची आणि औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी कोरडीच गिळायची.

कोरडी, कारण पाणी ती पीत नव्हती. केबिनमध्ये संडास नसतो. खाली उतरायचं म्हणजे खांबाच्या आतली शिडी, आणि मग परत चढणं. पुरुष ऑपरेटर बाटलीवर भागवतात. तिनं त्यावर एकच उपाय काढला होता: सकाळपासून काही प्यायचंच नाही.

मग पोट सुरू झालं. आधी नुसती कळ. मग दिवसातून कितीदा तरी धावपळ, आणि एके दिवशी रक्त.  तिनं बघितलं, पाणी सोडलं आणि बाहेर येऊन मुलीची वेणी घातली. ही गोष्ट कुणाला सांगायची, आणि कोणत्या शब्दांत? डोकं दुखतं हे चारचौघांत सांगता येतं. हे तसं नव्हतं. तिनं ते पोटातच ठेवलं.

त्यानंतर तिनं पाण्याबरोबर खाणंही कमी केलं. पोट रिकामं असलं की कळ कमी येईल असा तिचा हिशेब. पण उपाशी आणि तहानलेलं राहिलं की डोकं हटकून उठायचं. डोकं उठलं की गोळी. गोळ्या वाढल्या की पुढच्या काही दिवसांत पोट आणखी बिघडायचं. रक्त जाऊन अंगातलं त्राण गेलं, शिडीवर मध्येच थांबून धापा टाकायची वेळ आली. हे सगळे एकाच दोरीचे पीळ आहेत असं तिला कधी वाटलंच नाही. तिच्या लेखी दोन वेगळी दुखणी होती आणि दोन्ही लपवायची होती.

डॉक्टरकडे ती गेली नव्हती असं नाही. पोटासाठी एकाकडे गेली, तो म्हणाला, "ताण घेऊ नका, बाहेरचं खाऊ नका. आणखी काही त्रास?" ती म्हणाली, "नाही." डोक्यासाठी दुसऱ्याकडे गेली. त्यानंही विचारलं, "आणखी काही?" तिथेही ती "नाही" म्हणाली.

सासूच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. एका रविवारी घारबाई अंधाऱ्या खोलीत पडली होती तेव्हा सासू दारात येऊन उभी राहिली.

"सूनबाई, एक विचारू? डोकं दुखतं तेव्हा तुझा हात पोटावर का असतो?"

"सवय आहे, आई."

"असली कसली सवय? मला दात दुखला तर मी गुडघा धरत नाही."

घारबाईला हसू आलं, आणि हसताना पोटात अशी कळ आली की तिनं तोंड उशीत खुपसलं.  सासू ओठ घट्ट मिटून निघून गेली.

त्यानंतरच्याच आठवड्यात एक जिना उचलायचा होता.

हल्ली मोठ्या इमारतींत जिने जागेवर बांधत नाहीत. कारखान्यातून पायऱ्यांसकट एकसंध काँक्रीटचा तुकडा येतो, त्याला चार साखळ्या लावायच्या, क्रेननं उचलायचा आणि इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत वरून अलगद सोडायचा. पोकळीच्या तोंडाशी कडेला दोन फिटर उभे असतात. ते तुकडा हातांनी वळवून आतल्या आधारावर बसवतात. पोकळी आणि जिना यांच्यात बोटभर मोकळीक. तुकडा डोलला तर फिटरला पळायला जागा नसते. मामाही त्या दिवशी वरच होता, पोकळीच्या काठाशी, कारण केबिनमधून आतलं काही दिसत नव्हतं.

घारबाईच्या पोटात सकाळपासून गोळा होता. रात्रभर झोप नाही, आदल्या दिवशी दोन गोळ्या जास्तच झालेल्या. तरी तिनं जिना उचलला. साखळ्या ताणल्या, तुकडा जमिनीवरून सुटला, जरा गिरकी घेऊन स्थिरावला. आकाशात एक जिना, खालून कुठून येत नाही आणि वर कुठे जात नाही. तिनं क्रेनचा हात फिरवला आणि तो पोकळीवर आणला.

"छान," मामाचा आवाज आला. "आता सोड. हळू."

तिनं उजवा दांडा सरकवला, आणि नजरेच्या उजव्या कडेला काहीतरी चमकलं.

ऊन असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पापण्या मिटल्या, उघडल्या. चमक तिथेच होती. आता तिला दात फुटले, करवतीसारखे, आणि ती करवत हळूहळू मधोमध सरकू लागली. तिच्यामागे सगळं पुसलं जात होतं. एक फिटर दिसत होता, दुसरा नव्हता. तिनं मान वळवली, तर दुसरा दिसला आणि पहिला गेला.

"सोड ना, थांबलीस का?"

त्याच क्षणी पोटात पिळवटून कळ उठली. तिचं अंग पुढे वाकलं. हात दांड्यावरून सुटता सुटता राहिला. खाली जिना किंचित डोलला.

"ए! काय करतेस?" मामा ओरडला. फिटरपैकी एकजण भिंतीला चिकटला.

'वारा वाढलाय, थांबू या' हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. इतकी वर्षं त्यांनीच तारलं होतं. पण या वेळी हूकला जिना लटकत होता, दोन माणसं त्याच्या पोटाशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांसमोर अर्धं जग नव्हतं. तो तसाच लटकत ठेवून डोळे मिटून बसायचं? खरंच वारा सुटला तर? आणि पोटाची ही कळ पुन्हा आली, आणि हात सुटलाच तर?



"मामा," ती म्हणाली, "त्या दोघांना आधी बाहेर काढा."

"का?"

"मला दिसत नाहीये. उजवीकडचं काही दिसत नाहीये. मला अर्धशिशी आहे. आणि पोटातही... मला फार वेळ बसवणार नाही. त्यांना काढा, मग मला सांगा काय करू."

  मग मामा कुणालातरी दरडावताना ऐकू आला, पावलं वाजली, आणि आवाज परत आला. त्यात चिडवणं नव्हतं, प्रेम नव्हतं, काहीच नव्हतं. नुसते शब्द.

"दोघं बाहेर आहेत. मीही मागे सरकलोय. जिना पोकळीत सोडायचा नाही. वर घे. थोडा. आणखी. थांब. आता डावीकडे फिरव, मी थांब म्हणेपर्यंत. बघू नकोस. डोळे मिटलेस तरी चालेल. फक्त ऐक."

तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांआडही करवत चमकतच होती. डावा हात दांडा सरकवत राहिला, पोट आत आवळून घेत ती मामाचा एकेक शब्द पकडत राहिली. मामा गच्चीच्या मोकळ्या भागाकडे जिना नेत होता, तिथली माणसं त्यानं हाकलली होती. "थांब. डोलतोय, राहू दे. राहू दे. आता सोड. हळू. आणखी. आणखी. टेकला." साखळ्या सैल झाल्याचं तिला दांड्यातूनच कळलं.

"टेकला," मामा पुन्हा म्हणाला. "आता हात काढ."

तिनं हात काढले आणि तिथेच, त्या एका खुर्चीपुरत्या जागेत, तिचे कपडे खराब झाले. ती रडली, पण कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून वॉकीटॉकीचं बटण आधी बंद केलं.

रेघा ओसरल्यावर बचावाच्या दोन माणसांनी तिला दोर लावून शिडीवरून खाली आणलं. तोवर डोकं फुटायला आलं होतं. मामा खाली उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं जाकीट काढून तिच्या कमरेला गुंडाळलं, आणि निघून गेला.

हॉस्पिटलात पोटाची डॉक्टर भेटली ती बुटकी, घाईनं चालणारी बाई होती. कॅमेऱ्याची तपासणी करायची ठरली. निकाल येईपर्यंत घारबाई, नवरा आणि सासू कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून होते. कॅन्सर हा शब्द तिघांच्याही मनात होता, म्हणून तिघंही वेगळंच काहीतरी बोलत होते. शेवटी नवऱ्याला राहवलं नाही.

"रेघा कधीपासून दिसतात तुला?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मी डोळे तपासतो गं. माझं कामच आहे ते."

"डोळे चांगलेच आहेत ना माझे."

 नवऱ्याला राग आला होता, आणि आजारी बायकोवर रागवायचं कसं हे त्याला कळत नव्हतं.

डॉक्टरनं त्यांना आत बोलावलं. "आधी एक सांगते, कॅन्सर नाही. मोठ्या आतड्याला सूज आहे, आतून व्रण आहेत. हा आजार जुनाट असतो, मुळापासून जाईल असं वचन देत नाही, पण औषधांनी बराच आटोक्यात राहू शकतो." मग खुर्ची पुढे ओढून तिनं विचारलं, "डोकं दुखतं तेव्हा काय घेता?"

घारबाईनं गोळीचं नाव सांगितलं.

"किती?"

"लागतील तितक्या."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "बाई, ज्यांना हा आतड्याचा आजार असतो त्यांच्यात अर्धशिशी इतरांपेक्षा जास्त आढळते. का, ते अजून कुणी नीट सांगू शकत नाही. आतडं आणि मेंदू यांचं आपापसात सतत काहीतरी चालू असतं, शरीरातली सूजही दोन्हीकडे हात घालत असेल, असे तर्क आहेत. कुणामुळे कोण, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण या गोळ्या आतड्याची सूज भडकवू शकतात, हे आम्हाला माहीत आहे. त्यात उपास, तहान, रक्त जाऊन आलेला अशक्तपणा. तुम्ही डोक्यासाठी पोट जाळत होतात आणि पोटासाठी डोकं."

"मला वाटलं दोन वेगळी दुखणी आहेत."

"असतीलही. पण माणूस एकच आहे ना? ही गोळी आजपासून बंद. डोक्याच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलते. आतड्याला झेपेल असं दुसरं औषध आहे. आणि यापुढे कुणीही 'आणखी काही त्रास?' विचारलं तर कृपा करून सगळं सांगा."

"मी म्हटलंच होतं," सासू मागून पुटपुटली. "हात पोटावर असायचा." आणि मग पदर तोंडाला लावून ती रडायलाच लागली. तिला गप्प करता करता घारबाईचंच रडणं राहून गेलं.

केबिन गेली. कंपनीनं तिला घरी बसवलं आणि चौकशी लावली. ते दिवस जमिनीवरचे असूनही क्रेनपेक्षा अधांतरी होते. सुरुवातीच्या औषधांनी तोंड सुजलं, झोप उडाली, ती मुलीवर उगाच खेकसायची. जुनी गोळी बंद झाल्यावर पहिले काही आठवडे डोकं असं उठलं की तिनं दोनदा कपाट धुंडाळलं. नवऱ्यानं सगळी पाकिटं आधीच दुकानात नेऊन ठेवली होती. मग हळूहळू रक्त थांबलं. नव्या औषधानं डोकं कमी वेळा दुखायला लागलं. पूर्ण थांबलं नाही.

मामा आला तो एका दुपारी, न कळवता. दारातच उभा राहिला. सासूनं खुर्ची दिली तेव्हा बसला. चहा आला, तो त्यानं हातात धरूनच ठेवला.

"मी रोज हूकखाली उभा राहायचो," तो म्हणाला.

"माहीत आहे, मामा."

"ती दोन पोरंही. एकाची बायको तेव्हा दवाखान्यात होती, बाळंतपणाला. तू मला सांगायला हवं होतंस. मी ठरवलं असतं उभं राहायचं की नाही ते."

 तिनं माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्द फारच लहान वाटले. तरीही तिनं मागितली.

मामानं चहा खाली ठेवला. "तू वारा आहे म्हणायचीस ना, तेव्हा मी क्रेनच्या टोकाचा झेंडा बघायचो. कित्येकदा तो मेल्यासारखा लोंबत असायचा. मला वाटायचं, पोरीला काहीतरी आहे. बायकांचं काही असेल, विचारायचं कसं. म्हणून मीही गप्प बसलो." तो म्हणाला, "त्याचा राग जास्त येतो मला. तुझ्यापेक्षा."

चहा न पिताच तो उठला. पण जाताना सासूला म्हणाला, "पुढच्या वेळी साखर कमी घाला," आणि सासू म्हणाली, "आधी प्यायला शिका." पुढची वेळ येणार हे त्यातून सगळ्यांनाच कळलं.

चौकशीत मामानं काही लपवलं नाही, स्वतःचं गप्प राहणंही नाही. कंपनीनं घारबाईला उंच क्रेनसाठी कायमची अपात्र ठरवलं. ती त्यावर भांडली नाही. नवऱ्याला वाटलं होतं ती मोडून पडेल. ती दिवसभर घरातली भांडी घासत राहिली, एवढंच. काही महिन्यांनी, दोन्ही डॉक्टरांनी होकार दिल्यावर, तिला लहान इमारतींवरची छोटी क्रेन मिळाली. जमिनीवर उभं राहून, कमरेला लावलेल्या रिमोटनं चालवायची. सोबत दुसरा ऑपरेटर कायम हाताशी, आणि संडास पंधरा पावलांवर.

पहिल्या सकाळी तिनं सगळ्या टोळीला गोळा केलं. मामा या कामावर नव्हता. सगळे चेहरे नवे होते.  इतकी भीती तिला उंचीवर कधी वाटली नव्हती.

"मला अर्धशिशी आहे," ती म्हणाली. "आणि मोठ्या आतड्याला सुजेचा आजार आहे. दोन्ही औषधांवर आहेत. कधी मी मध्येच काम दुसऱ्याच्या हातात देईन, कधी पळत संडासाला जाईन. मी हात वर केला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, का म्हणून विचारायचं नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हस," घारबाई म्हणाली. "पोटभर हस. पण हात वर झाला की आधी बाजूला हो, उरलेलं मग हस."

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. विटांचा एक गठ्ठा वर जात असताना तिच्या नजरेच्या कडेला काहीतरी लकाकलं. एखाद्या बादलीवरचं ऊनही असू शकत होतं. ती खात्री करायला थांबली नाही. तिनं हात वर केला, माणसं बाजूला झाली, आणि रिमोट तिनं शेजारच्या माणसाच्या हातात दिला.